वास हरवलेल्या नाकाविषयी चार शब्द

शाळामास्तराकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला की तो शिक्षणावर लिहिणार असे वाचकबंधुभगिनी गृहीत धरतात. या खेपेस आम्ही नाकावर लिहीत आहोत, व त्यास कारणही तसेच घडले.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचे आधण ठेवून आम्ही स्वयंपाकघरातच पाठमोरे वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो. खिडकीच्या वाऱ्याने ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. "अब्बा, वास येत नाही का तुम्हाला?" असे ओरडत मुलगी बाहेरून धावत आली व तिने बटण बंद केले. आम्हाला खरोखरच येत नव्हता. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मिसळतात. आमच्या नाकापुढे ती सारी व्यवस्था फुकट गेली होती.

मग मागचे एकेक आठवू लागले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेतून आम्ही नाकाला रुमाल न लावता जात होतो. बांगड्याच्या हुमणात तिरफळे घातलीच नाहीत म्हणून घरात विनाकारण वाद घातला होता. जिभेस गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच रस कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती बहुतांशी नाकाची करामत. मिरचीचा झणका तेवढा कळत असे, कारण तो वास नव्हे. तो वेगळ्या नसेचा कारभार आहे.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी छताशी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत असतात. त्यांवरील ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल २००४ साली रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांस नोबेल पारितोषिक मिळाले. नाकाभोवतीच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तराची सूज १२ आठवड्यांहून अधिक टिकली की ती जुनाट समजावी. सुजेमुळे हवा छतापर्यंत पोचत नाही; शिवाय ती सूज वासाच्या पेशींनाही बाधते. कित्येकांच्या नाकात सोललेल्या द्राक्षासारखे मऊ फुगवटे वाढतात. वैद्य त्यास नासार्श म्हणतात, डॉक्टर पॉलिप. अशा रोग्यांना पुष्कळदा दमाही असतो, व काहींना ॲस्पिरिनसारख्या गोळ्या सोसत नाहीत. समाधानाची गोष्ट इतकीच की या पेशी जन्मभर नव्याने तयार होत असतात. म्हणून सूज उतरली तर वास परत येण्याची आशा असते.

उपचार साधा आहे, पण चिकाटी मागतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणे व त्यानंतर स्टेरॉईडचा फवारा, हे महिनोन्‌महिने चालवावे लागते. फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूस, डोळ्याच्या दिशेने मारावा. आम्ही पहिले तीन आठवडे तो चुकीचा मारला आणि औषधाला नावे ठेवली! एक लिटर पाण्यास सुमारे ९ ग्रॅम मीठ पुरते. पाणी मात्र उकळून निववलेलेच हवे. आमच्यातले काही म्हणतात की वुझू करताना आपण नाकात पाणी घेतोच. पण ते पुढच्या भागापुरते, आणि येथे पाणी आतपर्यंत जाते. न उकळलेल्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्याने केरळात माणसे दगावली आहेत.

चोंदलेले नाक पटकन मोकळे करणारे थेंब आठवडाभराहून अधिक घातल्यास नाक उलट अधिकच चोंदते. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी काही दिवसांत वास येतो, तोच बहुधा पुन्हा जातो. मग माणूस जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणतो. हे करू नये. त्यांनी रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. औषधाने भागले नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून वाटा मोकळ्या करतात, तरी फवारा सुटत नाही, कारण पॉलिप पुन्हा वाढतात. अलीकडे डुपिलुमॅब नावाची इंजेक्शने निघाली आहेत. गुण चांगला, किंमत मात्र आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी रोज दोनदा हुंगण्याचा सराव जर्मनीतील थॉमस हुम्मेल यांनी २००९ साली मांडला. विषाणूने वास गेलेल्यांना तो अधिक उपयोगी पडतो. आम्ही घरातल्या लवंगा आणि गुलाबाचे अत्तर घेऊन तोही केला.

एकाच नाकपुडीतून रक्त येणे, डोळ्याभोवती सूज, दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काही दिसल्यास मात्र घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमची शस्त्रक्रिया झाली. दीड महिन्याने बाजारात सुक्या सुंगटांचा वास आला आणि आम्ही रस्त्यातच थांबलो. मागच्या बाईने पिशवीचा धक्का देऊन पुढे व्हा म्हटले. पावसाळ्यात पडसे झाले की वास अजूनही आठ-दहा दिवस जातो. तेवढे दिवस दूध नासले की नाही हे मुलगी पाहते, आणि शेगडीजवळ गॅसची गळती ओळखून वाजणारी पेटी बसवून घेतली आहे.