नाव झाकून लिहिणारी बाई

आपल्या रेणापुरात वाकळ कुणाच्या घरी नाही? जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं, आणि शेकडो टाके. पण वाकळ कुणी शिवली, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. आजी होती तोवर घरात माहीत असतं. पुढं तेही विसरतं.

बायकांनी जे सोसलं, त्याचंही असंच होतं. राजाचं नाव बखरीत राहतं, शेताच्या मालकाचं सातबाऱ्यावर राहतं. घरातली बाई संकटात कशी उभी राहिली, ते कोण लिहिणार? पुष्कळदा हे काम कादंबरी करते. कादंबरी म्हणजे रचलेली मोठी गोष्ट. तिच्यातली माणसं रचलेली असतात, पण त्यांचं दुःख खरं असू शकतं.

इराण देशात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या अनिता अमीररिझवानी या बाईंनी २००७ साली अशी एक कादंबरी लिहिली. गोष्ट सुमारे ४०० वर्षांपूर्वीची, इस्फहान शहरातली. एका पोरीचा बाप मरतो. मायलेकी काकाच्या दारी येतात. पोरीचं तीन महिन्यांच्या मुदतीचं लग्न लावतात. मुदत सरली की पुढचं नवऱ्याच्या मर्जीवर! ती पोर गालिचे विणून आपल्या पायावर उभी राहते. पण सबंध पुस्तकात तिचं नाव येत नाही. गालिचे विणणाऱ्यांची नावं कुणी राखली नाहीत, म्हणून बाईंनी मुद्दाम तसं केलं.

आपल्या मराठीत तर लिहिणारीनंच आपलं नाव झाकलं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक निघालं. निःश्वास म्हणजे उसासे. शिकलेली मुलगी पगार आणते, म्हणून आईबाप तिचं लग्न लांबणीवर टाकतात, असल्या गोष्टी त्यात होत्या. लोक खवळले. ही विभावरी शिरूरकर कोण, असं जो तो विचारू लागला.

तिचं खरं नाव बाळूताई खरे. लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५ चा. वडील अनंतराव हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूरचे मास्तर. शिरूरवरून शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. अंधारात राहून लिहायचं, तर नाव शोभलं की नाही?

या वडिलांनी लोकांच्या बोलण्याला न जुमानता मुलींना पुण्याजवळच्या हिंगण्याला, कर्व्यांच्या शाळेत धाडलं. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, शिक्षण उर्दूतून. मुलींना कोण शिकवतो! वडिलांच्या आयुष्यावरच मालतीबाईंनी १९५३ साली 'खरेमास्तर' ही कादंबरी लिहिली. आम्हाला त्यांच्या पुस्तकांत हेच जास्त जवळचं वाटतं.

सोलापूरलाही त्यांनी नोकरी केली. इंग्रज सरकारनं काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. त्यांची बायकापोरंसुद्धा तिथं काटेरी तारेच्या कुंपणात राहत. जे पाहिलं त्यावर त्यांनी 'बळी' लिहिली, १९५० साली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

मालतीबाई २००१ साली वारल्या. त्या कोण हे लोकांना कधीच कळलं होतं. तरी त्यांची पुस्तकं विभावरी शिरूरकर याच नावानं निघत राहिली.