मोहाच्या वाटेवरची जुनी खदान

मागच्या मोहाच्या हंगामात आमच्या गटातल्या नऊ जणी रामटेक तालुक्यातल्या जंगलात फुलं वेचायला गेलो होतो. सोबत दोन मुलं होती. नेहमीपेक्षा थोडं वर चढलो, तर झुडपांत एक लांबच लांब चर दिसला. एकीचा मुलगा कडेला धावला आणि पायाखालची माती ढासळली. सोबतच्या आजींनी दंडाला धरून ओढलं, म्हणून वाचला. खाली हिरवं पाणी होतं.

“ही मँगनीजची जुनी खदान,” आजी म्हणाल्या. तरुणपणी त्यांनी अशाच एका खदानीवर टोपल्यांनी दगड वाहिला होता.

आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मँगनीज मिळतं. पोलाद बनवायला ते लागतं. 1896 मध्ये इंग्रजांची एक कंपनी इथे त्यासाठीच उभी राहिली. 1962 मध्ये तिच्या खाणी घेऊन सरकारी भागीदारीची कंपनी झाली, तीच आजची मॉयल. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही तिच्या खाणींची गावं. 1952 च्या कायद्यानं बायांना जमिनीखालच्या कामाची मनाई होती. 2019 मध्ये लेखी संमतीनं त्यातली काही कामं करायची सवलत मिळाली. वरची टोपली मात्र बायांनी खूप वाहिली.

जुनी खदान ओळखायची कशी? दगड काळा असतो, हातात घेतला तर आकाराच्या मानानं जड लागतो, आणि बोटांना काजळीसारखं काळं लागतं. आजूबाजूला दगडमातीचे ढिगारे असतात, त्यांवर झाडं उगवलेली असतात. ढिगारा दिसला की खड्डा जवळच आहे असं समजायचं.

धोके तीन. पहिला, कडा आतून पोखरलेली असते, वरून घट्ट वाटते. दुसरा, पाणी. तळ्याला उतार असतो, खदानीला नसतो. पहिल्याच पावलाला माणूस बुडतो आणि चढायला धर मिळत नाही. तिसरा, बोगदा. आत प्राणवायू कमी असू शकतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून बकरी आत गेली तरी मागे जायचं नाही. कोणी पाण्यात पडलं तर उडी मारायची नाही. कडेपासून मागे पालथं झोपून साडी किंवा दोर टाकायचा आणि हाका मारून माणसं जमवायची.

बंद खदानीला पक्कं कुंपण घालणं ही मालकाची जबाबदारी आहे, असा खाण नियम सांगतो. आम्ही ती जागा ग्रामसभेत मांडली आणि ठराव लिहून घेतला. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे, ठरावाची प्रत तिथेही पाठवता येते. कुंपण होईपर्यंत आम्ही काट्यांच्या फांद्या लावल्या आणि झाडांना लाल चिंध्या बांधल्या.

तुमच्या जंगलात असा चर कुठे आहे, हे गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. त्यांना ठाऊक असतं. येत्या बैठकीत तेवढा एक विषय घ्या, आणि मोह पडायच्या आधी घ्या.