गाडी धुतली, पण डाग राहिले!

आमच्या गावातील एका तरुणाने कर्ज काढून काळी टॅक्सी घेतली. मे महिन्यात भर दुपारी त्याने ती विहिरीच्या पाण्याने धुतली व उन्हातच वाळू दिली. तासाभराने पाहतो तो टपावर पांढरे ठिपके! रंगच खोटा निघाला, असे वाटून तो बिचारा आमच्याकडे धावत आला.

दोष रंगाचा नव्हता. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणाला फेस येत नाही, त्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. फार दिवस राहिल्यास ते झिलई खातात.

म्हणून गाडी सकाळी, सावलीत, पत्रा थंड असता धुवावी. टपापासून खाली यावे. साबण अंगावर सुकू देऊ नये. शेवटी नळीची संथ, मोकळी धार सोडावी, म्हणजे पाणी थेंब न राहता ओघळते. मग लगेच मऊ, स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे. साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी असल्यास उत्तमच. ताज्या डागांवर निम्मे पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर लावून लगेच धुवावे.

त्या तरुणाचे डाग असेच निघाले. वाचकहो, धुण्याइतकेच महत्त्व पुसण्याला आहे, हे विसरू नये.