पार्सल दिल्लीत अडकतं तेव्हा

विवाहविषयक संकेतस्थळावर फसवणुकीसाठी येणारं स्थळ बहुधा लंडनचं असतं. डॉक्टर, नाहीतर जहाजावरचा इंजिनीअर. विधुर, एक लहान मुलगी, आईवडील हयात नाहीत. म्हणजे चौकशी करायची झाली तर विचारायचं कुणाला?

दोन दिवसांत गप्पा व्हॉट्सॲपवर जातात. पुढचे काही आठवडे पैशांचं नावही निघत नाही. दुपारी ‘जेवलीस का’, रात्री ‘जागू नकोस’. फसलेल्या बाईला हसणारे हे आठवडे मोजत नाहीत. चाळिशीतल्या घटस्फोटित बाईला घरातलं कोण रोज एवढं विचारतं? (पुरुषही फसतात. त्यांना बहुधा व्हिडिओ कॉलवरून ब्लॅकमेल करतात, नाहीतर क्रिप्टोत पैसे गुंतवायला लावतात.)

मग भेटवस्तू निघते: आयफोन, दागिने, पौंडांच्या नोटा. पाठोपाठ ‘दिल्ली विमानतळ, कस्टम्स’ म्हणून हिंदीतून फोन. आधी ड्युटी, मग दंड, मग ‘मनी लाँडरिंग सर्टिफिकेट’. असं कुठलंही सर्टिफिकेट अस्तित्वात नाही. पण परकीय चलन सापडलंय, अटक होईल, असं दरडावल्यावर प्रेमाची जागा भीती घेते, आणि आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून आणखी भरले जातात.

खरं तर खेळ इथेच उघडा पडतो. कस्टम्स खातं फोन करून कुणाच्या खासगी खात्यात ड्युटी मागत नाही. नोव्हेंबर २०१९पासून त्यांच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक (डीआयएन) असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तुम्हाला दिलेलं खातं मात्र कुठल्याशा परराज्यातल्या माणसाचं, कमिशनवर वापरायला दिलेलं असतं.

त्याचा फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून पाहावा, कधी कधी तो भलत्याच माणसाचा निघतो. पण फोटो एआयने बनवलेलाही असू शकतो, म्हणून काही सापडलं नाही तरी निर्धास्त होऊ नये. फ्रान्समधल्या एका बाईने ब्रॅड पिट समजून तोतयाला सुमारे ८ लाख ३० हजार युरो दिल्याचं जानेवारी २०२५मध्ये उघड झालं. अभिनेता रुग्णालयात असल्याचे फोटो एआयने बनवलेले होते. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, की ओळख तिथेच संपवावी. माझ्या मते एवढी एकच कसोटी भरवशाची.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकत असते, ती मधेच गोठवता येते, पण त्यासाठी तास महत्त्वाचे. घरच्यांच्या ‘अक्कल कुठे गेली होती’मध्ये हेच तास वाया जातात. रागाने चॅट पुसू नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि स्क्रीनशॉट तक्रारीला लागतात.

तक्रारीनंतर एखाद्या ‘सायबर वकिला’चा फोन येऊ शकतो: दहा टक्के आगाऊ द्या, सगळी रक्कम परत आणतो. तो बहुधा त्याच टोळीतला असतो, नाहीतर त्यांच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेला. त्याचा नंबरही तपास अधिकाऱ्याला कळवा.