धरणी का हादरते? कोपाला नव्हे, कारणाला विचारा!

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि काही सेकंदांत होत्याचे नव्हते झाले. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर जन्मलेली मुलेही विचारतात, धरणी का हलली? कोणी देवाचा कोप सांगतो, कोणी शेषाने फणा हलवला म्हणतो. आम्ही आमच्या मुलांना काय सांगणार?

विद्यार्थी मित्रांनो, आपला भारत ज्या खडकाच्या प्रचंड तबकडीवर बसला आहे, ती वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकते आणि आशियाला रेटते. त्यातून हिमालय उभा राहिला. तो दाब आत मराठवाड्यापर्यंत पोचतो. किल्लारीत काळ्या पाषाणाचा थर साडेतीनशे मीटरही जाड नाही. त्याखाली अतिप्राचीन खडक आहे आणि त्यात जुन्या भेगा आहेत. दाब साचतो, एके दिवशी भेग घसरते आणि जमीन थरथरते. १९९३ पूर्वी हा भाग सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. किल्लारीने तो समज मोडला आणि नकाशा बदलावा लागला. चूक कळली की दुरुस्त करणे, हेच विज्ञान. पोथीत ही सोय नसते.

मग जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजाचे काय? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीत असे आवाज येऊ लागले आणि लोक धास्तावले. भूकंप लहान असला पण उथळ असला, तर त्याच्या पहिल्या लहरी जमिनीचा पृष्ठभाग हलगीच्या कातड्यासारखा थरथरवतात. ती थरथर हवेत शिरली की गडगडाट ऐकू येतो. हलगी वाजते तेव्हा आत भूत नसते! २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ क्षमतेचे धक्के बसले, ते नांदेडपर्यंत जाणवले. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. आकड्यात फरक थोडा दिसतो, पण त्यातील ऊर्जा साडेतीनशे पट अधिक होती. आणि भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगणे जगात कोणालाही साधलेले नाही. तारीख सांगणारा भोंदूच समजावा.

मग माणसे कशाने मेली? भूकंपाने कमी, घराने जास्त. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांना बांधणारे काही नाही, वर दरवर्षी माती चढत गेलेले जड माळवद. भिंत फाटली, माळवद अंगावर आले. कुडाच्या हलक्या घरांनी तोच धक्का सोसला. दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर, एवढ्यानेही जीव वाचतात. नवस बोलून भिंत मजबूत होत नाही.

आता एक कडू गोष्ट. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता पाप आहे, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण तो ढिगारा काय फक्त शिवाशिव पाळणाऱ्यांवर पडला? आज आमच्या बाजूने बोलणारा कोप उद्या आमच्याविरुद्ध बोलेल. म्हणून सोयीची अंधश्रद्धाही आम्हाला नको. निसर्ग जात पाहत नाही. भेदभाव करतो तो माणूस. किल्लारीच्या पुनर्वसनातच पाहा. भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरांहून अधिक जमीनवाल्याला ७५० चौरस फुटांचे. हा भूकंपाचा नव्हे, व्यवस्थेचा नियम होता.

तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला, बाबासाहेबांनी बुद्धीची कसोटी हाती दिली. शोधकबुद्धी वाढवणे हे राज्यघटनेच्या ५१-क कलमाने १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा येत्या ३० सप्टेंबरला आपल्या विहारात मुलांना गोळा करा, मृतांना आदरांजली वाहा आणि मग प्रत्येकाला विचारा, तुझ्या घराच्या भिंतीवर पट्टा आहे का?