हिरड्यांसाठी संत्री खा. पण दातांवरचा थर काढा

वरूड, मोर्शी, चांदूरबाजार हा अमरावती जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा. हिवाळ्यात अकोल्याच्या बाजारातही संत्री, आवळे, पेरू यांचे ढीग लागतात. हिरड्यांतून रक्त येऊ लागले की ‘क जीवनसत्त्व कमी झाले असेल, संत्री खा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

या सल्ल्यामागे जुना इतिहास आहे. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजून दात पडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने अशा १२ रुग्णांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. हिरड्यांचे ऊतक घट्ट धरून ठेवणारे कोलॅजन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते आणि माणसाचे शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. मध्यम आकाराच्या दोन संत्र्यांत ते साधारण मिळते. पेरू आणि आवळ्यात तर संत्र्याच्या कितीतरी पट असते.

संत्र्याच्या सालीत आणि फोडींवरच्या पांढऱ्या धाग्यांत हेस्पेरिडिनसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्येही असतात. ती बारीक रक्तवाहिन्या मजबूत करतात, असे वाटल्याने १९३६ मध्ये सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. पुढे ते जीवनसत्त्व ठरले नाही आणि नाव मागे पडले. हळदीतल्या कुरकुमिनची गोष्टही सावधपणे घ्यायला हवी. त्याचे जेल किंवा गुळण्या हिरड्यांची सूज कमी करायला मदत करतात, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. पण भाजीतल्या हळदीतून ते रक्तात फारच थोडे उतरते.

मुळात हिरड्यांतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण जीवनसत्त्वाची कमतरता नसून दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साचणारा जंतूंचा चिकट थर हे असते. तो वेळेवर निघाला नाही तर कडक होतो. त्यालाच दातांवरचे कीटण म्हणतात. कीटण ना ब्रशने निघते, ना संत्र्याने. हिरडीखाली आजार वाढत जातो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो.

अशा वेळी ‘दात साफ केले की ढिले होतात’ या भीतीने अनेक जण उपचार टाळतात. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते. कीटणाचा आधार गेल्यावर ते जाणवते, इतकेच. सफाई पुढे ढकलली तर उरलेले हाडही जाते.

वऱ्हाडात यात खर्ऱ्याची भर पडते. तंबाखू जिथे दाबून धरली जाते, तिथली हिरडी मागे सरकते, दाताची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूची मिश्री दातांना लावणेही तितकेच घातक. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते.

मग करायचे काय? रोज दोनदा मऊ ब्रशने दात घासा. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वापरायची असेल तर टोक चावून मऊ कुंचा करा आणि हिरडीला न ओरबाडता फिरवा. राख किंवा विटेची भुकटी वापरू नका. फळ रसाऐवजी अख्खे खा. मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा. आंबट फळानंतर पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबले नाही, दात हलू लागला किंवा पू आला, तर दंतवैद्याला दाखवा. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर तपासणी लांबवू नका.

संत्र्याने हिरडीला बळ मिळते. पण कीटण काढल्याशिवाय आणि तंबाखू सोडल्याशिवाय ते बळ पुरत नाही.