‘रामे’ आणि ‘रामने’ : मराठी विद्यार्थ्यास गुजराती व्याकरणाची पहिली ओळख

मराठी मनुष्यास गुजराती शिकण्यासाठी व्याकरणाची गरज नाही, ती चार दिवस बाजारात फिरल्याने आपोआप येते, असा समज बडोद्यात फार दिवसांपासून आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. वाक्यातील पदांचा क्रम दोन्ही भाषांत बहुतांशी एकच. तत्सम शब्दांचे भांडार समाईक. आणि हिंदीने टाकून दिलेले नपुंसकलिंग दोघींनीही जपलेले. ‘घर’, ‘पाणी’, ‘झाड’ हे शब्द दोन्हीकडे नपुंसकलिंगीच आहेत. परंतु गुजरात विधानसभेने २०२३ साली सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती अनिवार्य करणारे विधेयक संमत केले. तेव्हापासून महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कुटुंबांतील मुलांना ही भाषा वहीत लिहावी लागते, आणि तेथे बाजारी गुजरातीचा निभाव लागत नाही. बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा शासनकोश सिद्ध करून शब्दांची वाट सुकर केली. मुलांची वाट मात्र शब्दांपाशी अडत नाही, प्रत्ययांपाशी अडते.

यांतील मुख्य अडचण ‘ने’ या एका प्रत्ययाची आहे. (गुजराती उदाहरणे सोयीसाठी बालबोध लिपीत दिली आहेत.) ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य गुजरातीत ‘रामे रावणने मार्यो’ असे होते. म्हणजे आपल्या ‘ने’चे काम तेथे ‘ए’ करतो, आणि आपल्या ‘ला’चे काम ‘ने’कडे सोपविलेले आहे. आता कर्ता अध्याहृत ठेवून कोणी ‘रामने मार्यो’ म्हटले, तर गुजराती माणूस रामाला कोणीतरी मारले असे समजतो. मराठी कानास मात्र रामच मारणारा वाटतो. शाळेच्या आवारातील भांडणाची तक्रार गुरुजींपुढे गेली असता ही अदलाबदल निरपराध मुलास चांगलीच महाग पडावयाची! म्हणून पहिल्याच तासाला ‘मने भूख लागी छे’ हे वाक्य घ्यावे. ‘मला भूक लागली आहे’ याच्याशी त्याचा साचा पदोपदी जुळतो, त्यामुळे ‘ने’ म्हणजे ‘ला’ हे सूत्र न घोकताही मनावर ठसते. ‘हुं ने तुं’ यातील ‘ने’ हा प्रत्यय नव्हे. ते ‘अने’चे म्हणजे ‘आणि’चे आखूड रूप होय. त्याची ओळख मागाहून करून दिली तरी चालेल.

दुसरी चूक याच्याच पोटातली. मराठीत ‘मी पोळी खातो’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ या दोन्ही वाक्यांत ‘मी’ बदलत नाही. गुजरातीत ‘हुं रोटली खाउं छुं’, परंतु ‘में रोटली खाधी’. ‘मी’ म्हणजे ‘हुं’ एवढेच शिकविलेला मुलगा हमखास ‘हुं रोटली खाधी’ असे लिहितो. शिवाय ‘रामाने सीतेला पाहिले’ येथे आपला भावे प्रयोग क्रियापदास तटस्थ ठेवतो. गुजराती मात्र ‘रामे सीताने जोई’ असे म्हणून कर्माला प्रत्यय लागला असतानाही त्याचे लिंग क्रियापदात उतरविते.

नामांच्या रूपांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर ‘घोडा’ हा शब्द पुरे. मराठीत तो एक, गुजरातीत अनेक. कारण तेथे एकवचन ‘घोडो’ असे आहे. लिंगे बव्हंशी जुळतात, पण आपला चहा तेथे स्त्रीलिंगी ‘चा’ होतो.

या सगळ्या अडचणींनी बिचकण्याचे कारण नाही. साताऱ्यास १८८५ साली जन्मलेले काकासाहेब कालेलकर मराठी मातृभाषेचे. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक होते. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, आणि १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या ‘जीवन-व्यवस्था’ या गुजराती ग्रंथास मिळाला.

मराठी मुलास फुकट मिळणारी एक देणगीही आहे. ऐकणारा वगळून ‘आम्ही’ आणि त्याला धरून ‘आपण’ हा भेद गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’ असा आहे. हिंदीस तो नाही. मलाय किंवा फिलिपाइन्समधील तौसुग यांसारख्या दूरच्या भाषांस मात्र आहे. सावधगिरी एवढीच, की आपले आदरार्थी ‘आपण या’ तेथे ‘आपणे’ने साधत नाही, त्यासाठी ‘तमे’ किंवा ‘आप’ आहे.

आदराचीच आणखी एक खुबी आहे. ‘बापुजी आव्या’, पण ‘बा आव्यां’. वडीलधाऱ्या स्त्रीसाठी गुजराती नपुंसकलिंगाच्या अनेकवचनाचे रूप योजते, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्यास प्रथम विचित्र वाटते. ‘आव्यां’वरचा तो अनुस्वार बोलण्यात ओझरता उच्चारला जातो, म्हणून वहीतून हटकून गळतो. शिक्षकाने गुण कापण्यापूर्वी दोन्ही वाक्ये मुलाकडून एकापाठोपाठ मोठ्याने म्हणवून घ्यावीत.